सांगणे आणि सांगायला लावणे

(मुकुटबन येथे मंडळाच्या कार्यक्रमात महिला व विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने आम्हांस दिलेला विषय आहे, जुने आघात सोसलेल्या स्त्रियांवरील मानसोपचार. पत्रिकेवर हे शब्द वाचून एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले की, हा पुण्या-मुंबईचा विषय मुकुटबनात कशासाठी? प्रश्न रास्त आहे. अशा उपचारासाठी आपल्या माणसाला वणी किंवा पांढरकवडा करीत यवतमाळ नाहीतर नागपूर गाठावे लागते. पण जखम मात्र इथलीच आहे. ती जिनिंगच्या फाटकावर कामाला उभ्या राहणाऱ्या बाईच्या मनात आहे, रुळापलीकडच्या वस्तीत आहे आणि कोलाम पोडावरही आहे. म्हणून विषय इथलाच समजावा.

एक गोष्ट आधीच सांगतो. आम्ही डॉक्टर नाही. आमच्यात कोणी परिचारिका आहे, कोणी शिक्षिका, कोणी बचत गटाचे काम पाहते. बायांशी बोलता बोलता जे दिसले आणि जाणकारांकडून जे शिकलो, तेवढेच आपणांपुढे ठेवणार आहोत.

आपल्या जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर गेले. गेलेल्या माणसाचा फोटो वर्तमानपत्रात छापून येतो. ज्या बाईने त्याला शेतात किंवा खाटेवर तोंडाला फेस आलेल्या अवस्थेत पाहिले, तिला त्या दृश्याचे पुढे काय करायचे हे कोणी विचारत नाही. २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने याच जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली, त्यांच्याही घरी बाया आहेत. आपल्या झरी-जामणी तालुक्यातील आदिवासी कुमारी मातांचा प्रश्न वर्तमानपत्रांतून कितीदा तरी गाजला. बाहेरचा कोणी येतो, लग्नाचे आमिष दाखवतो, निघून जातो. त्याला कोणतेच नाव चिकटत नाही आणि मुलीला मात्र जन्मभर पुरेल असे ‘कुमारी माता’ हे नाव मिळते. सरकारी कागदातसुद्धा तेच. आम्हांस हा शब्दच आघाताचा एक भाग वाटतो. याशिवाय दारूच्या घरातली रोजची मारहाण आहे आणि लहानपणी घरच्याच माणसाने केलेली आगळीक आहे, जिचा उच्चार पन्नाशीतली बाईही करीत नाही.

अशी बाई दवाखान्यात जाते तेव्हा ‘माझ्या मनाला आघात झाला’ असे म्हणत नाही. ती म्हणते, “छातीत धडधड होते,” “डोकं बधिर होते,” “रातभर डोळ्याले डोळा लागत नाही.” तिला सलाईन लावतात, दोन इंजेक्शने देतात. चार दिवस बरे वाटते. पुन्हा तेच. मग कोणी बाहेरचे पाहायला सांगते, अंगारा-धुपारा होतो आणि जवळचे पैसे संपतात.

पती औषध पिऊन गेलेल्या बायांमध्ये आम्हांस एक गोष्ट वारंवार दिसली. पावसाळ्यात शेजारच्या वावरात कापसावर फवारणी सुरू झाली आणि वाऱ्याने तो वास आला, की बाई हातातले विळा-खुरपे टाकून घराकडे निघते. मुकरदम तिला कामचुकार म्हणतो. तिला स्वतःलाही कारण उमगत नाही. कारण इतकेच आहे, की तिच्या शरीरासाठी ती घटना अजून झालेली नाही, ती होत आहे. साधी आठवण मागे पडत जाते, तिला तारीख असते. आघाताच्या आठवणीला तारीख नसते. एखादा वास, एखादा आवाज, दारावरची थाप एवढ्यावर ती जशीच्या तशी उभी राहते आणि अंग त्या क्षणी जसे वागले होते तसेच पुन्हा वागते.

अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांनी १९८० साली या अवस्थेला ‘पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’ हे नाव दिले. आपण तिला आघातोत्तर तणावाचा आजार म्हणू. हे नाव पडले त्यामागे व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांची मोठी चळवळ होती. पण त्याच्याही आधी, १९७४ साली, बोस्टन शहरात अ‍ॅन बर्जेस ही परिचारिका आणि लिंडा होमस्ट्रॉम ही समाजशास्त्रज्ञ या दोघींनी बलात्कारानंतर रुग्णालयात आलेल्या स्त्रियांशी सविस्तर बोलून हीच लक्षणे नोंदवली होती. रणांगणावरच्या शिपायाला आणि घरात अत्याचार सोसलेल्या बाईला एकच जखम होते, ही गोष्ट ज्यूडिथ हरमन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात ठामपणे मांडली. यात एका परिचारिकेचा वाटा आहे, याचा आम्हांस विशेष आनंद वाटतो.

आता आपल्या विदर्भातलेच एक प्रकरण घेऊ. विद्यार्थ्यांनी हे नीट ऐकावे. १९७२ च्या मार्च महिन्यात तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. मथुरा प्रकरण म्हणून ते कायद्याच्या पुस्तकांत आहे. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, तिने प्रतिकार केल्याचे दिसत नाही, असे कारण त्यामागे होते. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. हा इतिहास आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल.

आम्ही तो वेगळ्या कारणासाठी सांगतो. ती ओरडली का नाही? आज मानसशास्त्र याचे उत्तर देते. अतिभयाच्या वेळी प्राणी लढतो किंवा पळतो हे आपण शाळेत शिकतो. पण दोन्ही वाटा बंद असल्या तर शरीर तिसरी गोष्ट करते, ते थिजते. आवाज फुटत नाही, हात उचलत नाही. ही संमती नव्हे आणि भित्रेपणाही नव्हे. श्वास जसा आपोआप चालतो, तसे हे आपोआप होते. कित्येक बायांना वर्षानुवर्षे आतून खाणारा प्रश्न हाच असतो, “मी ओरडली कामून नाही?” एवढी एक गोष्ट कोणी नीट समजावून सांगितली तरी चेहरा बदलतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. उपचाराची सुरुवात बहुधा इथूनच होते.

उपचार म्हणजे बोलणे, असे ढोबळपणे म्हणतात. मग कोणी म्हणेल, बाई तर आधीच पुष्कळदा बोलली आहे. बरोबर आहे. शेतकऱ्याची आत्महत्या झाली की तिला तलाठ्यापुढे सांगावे लागते, पोलिसांपुढे सांगावे लागते. २००६ पासून एक लाख रुपयांची मदत ठरली, त्यातले तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीत. त्यासाठी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे समिती ठरवते. जमीन कोणाच्या नावावर, कर्ज कोणाचे, वसुलीचा तगादा होता का? मक्त्याने किंवा बटईने वाहणाऱ्याच्या विधवेला इथेच अडचण येते. बाई तेराव्याच्या आत दहा वेळा तीच हकीकत सांगते आणि दर वेळी ऐकणारा तिच्याकडे संशयाने पाहतो. पत्रकार येतात. पुढारी येतात. फोटोसाठी तिला पुन्हा त्या खाटेजवळ उभे करतात.

हे सांगणे नव्हे, हे सांगायला लावणे आहे. आमच्या मते या विषयातली मुख्य गोष्ट हीच आहे. घटनेनंतर लगेच माणसाला बसवून सारे वदवून घेतले की मन मोकळे होते, असा पूर्वी तज्ज्ञांचाही समज होता. पुढे तपासणी झाली तेव्हा त्याने आजार टळत नाही असे आढळले आणि आज जागतिक आरोग्य संघटनाही तसे करू नये असे सांगते. उलट दुसरे टोक म्हणजे ‘विसरून जा, पोरांकडे पाहा.’ सासू हे प्रेमाने म्हणते, पण त्यातून एवढाच अर्थ निघतो, की आमच्यापुढे बोलू नको.

ज्यांनी जिनिंगमध्ये काम केले आहे त्यांना कापसाच्या गंजीची आग माहीत आहे. वरून विझलेली दिसते, आत मात्र ती दिवसेंदिवस धुमसते. नुसती झाकून ठेवली तर पुन्हा पेटते. एकदम उकरली तर हवा लागून भडका उडतो. पाणी जवळ ठेवून थर थर मोकळा करावा लागतो. आघातकेंद्री उपचार म्हणतात तो असा थर मोकळा करण्याचा आहे.

म्हणून पहिल्या काही भेटींत जुन्या घटनेला हातच लावत नाहीत. आधी पाहतात, आज बाई सुरक्षित आहे का? मारणारा अजून घरातच असेल तर आधी त्याचा बंदोबस्त. मग झोप, जेवण, कामाचा क्रम. घाबरा आला तर पाय जमिनीवर टेकून, समोरच्या पाच वस्तूंची नावे घेऊन, सावकाश श्वास सोडून ‘मी आज इथे आहे’ हे शरीराला कसे सांगायचे, याचा सराव करून घेतात. आनापानाचा अभ्यास करणाऱ्या आपल्या उपासिकांना हे नवे वाटणार नाही. मात्र एक सावधगिरी सांगतो. नुकत्या आघातातल्या बाईला डोळे मिटून तासभर बसवू नये. मिटल्या डोळ्यांपुढे तेच दृश्य येते.

त्यानंतर सांगणे. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, त्याच माणसापुढे. बाई घटनेची हकीकत सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगते, थांबावेसे वाटले तर थांबते. पुढच्या आठवड्यात पुन्हा सांगते. असे झाले की हळूहळू त्या आठवणीला सुरुवात आणि शेवट मिळतो, ती ‘तेव्हाची’ होते. एका पद्धतीत हकीकतीपेक्षा तिच्या मनात अडकून बसलेल्या वाक्यावर भर असतो. “मी त्या दिवशी माहेरी गेली नसती तर ते वाचले असते.” हे वाक्य खोडून काढत नाहीत, तिच्याबरोबर तपासतात. माहेरी कशासाठी गेली होतीस? त्यांनी जाऊ नको म्हटले होते का? कर्जाचे तुला सांगितले होते का? उत्तरे ती स्वतःच देते. पॅट्रिशिया रेसिक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बलात्कारपीडित स्त्रियांसाठी ही बारा बैठकांची पद्धत बांधली. डोळ्यांच्या हालचालींचा उपयोग करणारी आणखी एक पद्धत फ्रान्सिन शपिरो यांनी १९८९ साली मांडली, तिच्यासाठी मात्र खास शिकलेला माणूस लागतो. गोळ्यांचेही स्थान आहे. निराशा फार असेल, जीव द्यावासा वाटत असेल तर डॉक्टरच लागतो, तिथे वेळ घालवू नये. पण नुसत्या झोपेच्या गोळ्यांवर वर्षे काढणे हा आघाताचा इलाज नव्हे.

आता कोणी म्हणेल, हे शिकलेल्या बायांचे झाले. आमच्या बाईला सही येत नाही, ती काय करणार? याचे उत्तर आफ्रिकेतील काँगो देशातून आले आहे. तिथे युद्धात स्त्रियांवर फार मोठ्या प्रमाणावर अत्याचार झाले. पूर्व काँगोतील खेड्यांमध्ये ४०५ स्त्रियांवर एक तपासणी झाली, ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. काही गावांत बायांना एकेकटीला भेटून आधार दिला. काही गावांत रेसिक बाईंची पद्धत गटात वापरली. बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हते म्हणून सारे तोंडपाठ करण्याजोगे सोपे केले. शिकवणाऱ्या होत्या तिथल्याच कार्यकर्त्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा नुसता आधार मिळालेल्या बायांपैकी ४२ टक्के अजून निराशेने किंवा चिंतेने ग्रासलेल्या होत्या. उपचाराच्या गटात हे प्रमाण ९ टक्के होते. आणि हे सारे लढाई थांबलेली नसताना.

आपल्या शेजारी अमरावती जिल्ह्यात ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प तीस गावांत झाला. त्याचा विषय आघात नव्हे तर निराशेचा आजार होता, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून घरोघर पाठवले. आधी आजारी माणसांपैकी शेकडा ४.३ जणच मदतीपर्यंत पोहोचत होते, दीड वर्षात ते प्रमाण २७.२ वर गेले. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महानगरपालिका आणि सेहत या संस्थेने २००१ साली ‘दिलासा’ केंद्र काढले. घरातली मारहाण सोसणारी बाई दुखण्याच्या निमित्ताने दवाखान्यात येतेच, तर तिथेच तिला ऐकणारे माणूस बसवावे, इतका साधा विचार त्यामागे होता. आमच्या दृष्टीने खेड्यालाही हाच विचार लागू पडतो. आपली बाई आशाताईकडे येते, अंगणवाडीत येते, विहारात येते.

विहाराचे नाव निघाले म्हणून पटाचाराचे स्मरण होते. श्रावस्तीच्या सधन घरातली ती मुलगी. पती सर्पदंशाने गेला, एक मूल ससाण्याने नेले, दुसरे नदीत वाहून गेले, आईबाप आणि भाऊ घर कोसळून गेले. अंगावरच्या वस्त्राचे भान सुटले. लोक वेडी म्हणून हाकलीत होते. थेरीगाथेच्या अट्ठकथेत पुढचा क्रम आहे तो आम्ही पुन्हा पुन्हा वाचला. भगवंतांनी प्रथम लोकांना, तिला अडवू नका, असे सांगितले. मग तिला भान येईल असा शब्द उच्चारला. कोणी तरी अंगावरचे उपरणे तिच्याकडे टाकले. नंतर तिने आपली हकीकत स्वतः सांगितली. उपदेश आला तो त्याच्याही नंतर. आपण बहुधा उपदेशापासून सुरुवात करतो. आणि हीच पटाचारा पुढे लेकरे गमावलेल्या कित्येक बायांची गुरू झाली, असे थेरीगाथाच सांगते.

आता आपल्याकडे काय करता येईल ते थोडक्यात सांगतो. बाई बोलू लागली तर मध्ये बोलू नये, ‘मग पुढे काय झाले’ असे टोकरू नये आणि ‘माझ्या मावशीचेही असेच झाले’ अशी आपली गोष्ट काढू नये. ऐकलेले घरी नवऱ्यालाही सांगू नये. कोलाम बाई असेल तर तिची भाषा येणारी बाईच सोबत घ्यावी, तिचा नातेवाईक किंवा ठेकेदाराचा माणूस दुभाषा म्हणून कधीही नको. घटनेला महिना लोटला तरी झोप, दचकणे, तीच दृश्ये सुरूच असली तर तज्ज्ञाकडे न्यावे. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे.

विद्यार्थिनींसाठी एक गोष्ट. मैत्रीण अठरा वर्षांखालील असेल आणि तिने असे काही सांगितले, तर ‘मी कोणालाच सांगणार नाही’ असे वचन देऊ नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अशी माहिती दडवता येत नाही. ‘कोणाला सांगायचे ते आपण दोघी मिळून ठरवू’ असे म्हणा आणि विश्वासाच्या शिक्षिकेकडे तिच्याबरोबर जा.

अत्याचारपीडितेला सरकारी काय आणि खासगी काय, कोणत्याही दवाखान्याने मोफत उपचार दिलाच पाहिजे, हा नियम २०१३ पासून आहे आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. राज्याची मनोधैर्य योजनाही २०१३ चीच, तिचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे होतो. आणि एक दूरध्वनी क्रमांक विद्यार्थ्यांनी वहीत लिहून घ्यावा : १४४१६. केंद्र सरकारची ही टेलिमानस सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. घरात मोबाईल बहुधा मुलाच्या नाहीतर दिराच्या हाती असतो. तेव्हा आपला मोबाईल तिला द्या, क्रमांक लावून द्या आणि ती बोलत असताना दाराबाहेर बसा.